आंदणाच्या गाडीचे इंजिन

सासऱ्यांनी इंजिन पोत्यात घालून आणले आणि ते पोते आले एस.टी.च्या टपावरून. परतवाड्याच्या बसस्थानकावर मी पोचलो तेव्हा पोते खाली उतरले होते आणि त्याच्या एका बाजूला सासरे व दुसऱ्या बाजूला कंडक्टर उभे होते.

"पोत्यात काय आहे म्हनले होते तुमी?" कंडक्टर विचारत होता.

"संत्रे."

"संत्र्यातून काळं तेल गळते काय?"

"मृग बहाराचे आहेत," सासरे शांतपणे म्हणाले. "यंदा ऊन किती आहे, पाहून राह्यले ना?"

कंडक्टरने पोत्याला बुटाने हलकेच स्पर्श केला. आतून लोखंडाचा आवाज आला. तेवढ्यात सासऱ्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी लगबगीने डोक्यावरची टोपी सारखी केली. "हे आमचे जवाई. कालेजात प्रोफेसर आहेत," त्यांनी कंडक्टरला सांगितले. संत्र्यांचा पुरावा म्हणून बहुधा मला पुढे करण्यात आले असावे. कंडक्टरने माझ्याकडे नीट पाहिले, सामानाचे तिकीट फाडले आणि म्हणाला, "सर, संत्रे जपून खाजा."

उत्तमराव टेकाडे, म्हणजे माझे सासरे, मोर्शीकडचे संत्रा बागाईतदार. आमच्या लग्नाला तेव्हा सहा-सात महिने झाले होते. त्या काळात ते आमच्या घरी एकदाही आले नव्हते. आता आले ते इंजिन घेऊन, आणि तेही निरोप दिल्याच्या तिसऱ्याच दिवशी, शनिवारी. सायकलरिक्षात पोते आमच्या दोघांच्या मध्ये ठेवले होते. मी विचारले, "मामाजी, एवढी तातडी का केलीत?"

"सोमवारी पोरीले रुजू व्हा लागते ना, बापा."

ते खरे होते. रंजनाने नर्सिंगचे शिक्षण घेतले होते आणि खैरखेडच्या आरोग्य उपकेंद्रात तिची नेमणूक झाली होती. सोमवारी दुपारच्या आत हजर झाली नाही, तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार होते. खैरखेडला बस होती, पण ती दुपारनंतर जाई आणि रात्री तिथेच मुक्काम करी. राहिले दोन उपाय. एक तर रंजनाने खैरखेडच्या क्वार्टरमध्ये एकटीने राहायचे, किंवा मी तिला रोज सकाळी मोटरसायकलवर सोडून यायचे. पहिल्या उपायावर अकोल्याहून माझ्या आईने निकाल दिलेला होता: तसे करायचे असेल तर नोकरी नको. दुसऱ्या उपायाचा निकाल बुधवारी मोटरसायकलनेच दिला. सकाळी मी किक मारायला गेलो तर किक दगडासारखी घट्ट. मिस्त्री आला, त्याने दोनदा पाय देऊन पाहिला आणि इंजिन आतून जाम झाल्याचे जाहीर केले. सुटे भाग अमरावतीहून येणार, पंधरवडा लागणार.

त्या संध्याकाळी चौकातल्या फोनवरून रंजनाने माहेरी निरोप दिला, एवढेच.

या मोटरसायकलबद्दल थोडे सांगायला हवे. मी समाजशास्त्र शिकवत असे. हुंडा घेणार नाही, हे मी लग्नाच्या बैठकीत खणखणीत आवाजात सांगितले होते. माझ्या वडिलांनी माझ्या म्हणण्याला दुजोरा दिला आणि पुढे म्हणाले, "हुंड्याचं तर नावच काढू नका. आता मुलाचं कॉलेज गावापासून जरा लांब आहे, ती गोष्ट वेगळी." वाक्य त्यांनी तिथेच सोडले. अशा अर्धवट वाक्यांचा अर्थ मुलीच्या बापाला नेहमी पूर्ण कळतो. लग्नात मांडवाच्या दाराशी नवा रंग दिलेली, झेंडूच्या माळा घातलेली एक जुनी मोटरसायकल उभी होती आणि उत्तमरावांनी तिची किल्ली नारळासकट माझ्या ओंजळीत ठेवली. कॉलेजला मी बहुतेक दिवस एका सहकाऱ्याच्या स्कूटरवरच जाई आणि गाडी दाराशी उभी राही, पण ही भेट आहे, हुंडा नव्हे, हे मी नंतर अनेक मित्रांना समजावून सांगितले. त्यांपैकी कोणीच मला त्याबद्दल विचारले नव्हते.

रिक्षा दाराशी थांबली तेव्हा रंजना अंगणात आली. वडिलांच्या पाया पडण्याआधी तिने विचारले, "आणलं?"

"आनलं," ते म्हणाले आणि दोघांनी एकमेकांकडे असे पाहिले, की मी रिक्षावाल्याशी बोलू लागलो.

आमचे घरमालक इंगोले निवृत्त वनरक्षक होते. त्यांना निवृत्तीनंतर अंगणातल्या खुर्चीशिवाय दुसरे कार्यक्षेत्र उरले नव्हते. पोते उघडल्याबरोबर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "माहुरे सर, हे बरं आहे! बाकीचे सासरे पोरगी देऊन मोकळे होतात. तुमचे सासरे वारंटी देऊन राह्यले."

"देल्या वस्तूची जबाबदारी असते," उत्तमराव म्हणाले. त्यांनी सोबत आणलेली पाण्याची छागल पेरूच्या फांदीला टांगली. जेवणाचा डबाही त्यांनी घरूनच आणला होता. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही, हा त्यांच्या घरचा नियम. रंजना तांब्या घेऊन आली तशी परत पाठवली गेली.

"बाबा, मी तुमची पोरगी आहे."

"पोरगी आपली, बाई. रांजन त्याइचा."

"बेचाळीस डिग्री आहे बाहेर!"

"म्हनून तं छागल आनली."

काम सुरू झाले आणि लवकरच माझ्या लक्षात आले, की या कामात सर्वांत मोठी अडचण इंजिनाची नसून नात्याची आहे. उत्तमरावांना बागेतल्या इंजिनांची माहिती होती. पण जावयाच्या घरी सासऱ्याने हुकूम सोडणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. मला मोटरसायकलची माहिती नव्हती, आणि वडीलधाऱ्या माणसाला काय करायचे ते सांगणे माझ्या रीतीत बसत नव्हते.

"मामाजी, आधी चेन काढायची का?"

"तुमी म्हनत असाल तं काढू."

"नाही, तुमचं काय मत?"

"माहं काय मत असनार? गाडी तुमची."

अशा पद्धतीने चेन निघाली, कार्ब्युरेटर निघाला, वायरी सुटल्या. जुने इंजिन धरून ठेवणारे बोल्ट सैल झाले आणि आम्ही दोघे दोन बाजूंनी त्याला हात घालून उकिडवे बसलो. आता कोणीतरी 'उचला' म्हणायला हवे होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. घाम दोघांच्याही नाकाच्या टोकावरून इंजिनवर पडत होता.

"तुमी सांगा, जवाईबापू."

"तुम्ही मोठे आहात."

"म्हनून काय झालं?"

"अहो, लग्न लागून राह्यलं काय तिथं?" इंगोले खुर्चीतून ओरडले. "अंतरपाट धरू काय मी? सावधान!"

त्या शब्दाबरोबर आम्ही इंजिन उचलले.

जुने इंजिन पेरूखाली निजवले. नवे, म्हणजे पोत्यातले, बाहेर काढले तेव्हा ते जुन्याहून अधिक जुने दिसत होते. त्याच्या फटींत वाळलेली माती आणि औषधाचा पांढरा थर होता. उत्तमरावांनी सांगितले, की तशाच जातीच्या एका गाडीचे ते इंजिन, बरीच वर्षे त्यांच्या बागेत फवारणीचा पंप चालवत होते. आता पंपाला डिझेलचे आले, म्हणून हे मोकळे झाले.

इथे माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. ज्या इंजिनाने वर्षानुवर्षे जागचे न हलता पंप चालवला, ते गाडी चालवील का? प्रश्न ओठांपर्यंत आला आणि परत गेला. सासऱ्याने आणलेली वस्तू उलटसुलट करून पाहणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याची पत तपासणे. आमच्याकडे लुगड्याचा पोतसुद्धा देणारा गेल्यावर बघतात. मी म्हणालो, "छान दिसतंय."

त्यांना हायसे वाटलेले दिसले. मला वाटले, माझ्या सौजन्यामुळे.

रविवारी सकाळी इंजिन बसवायला घेतले. खालून वर उचलून ते चेसीत धरायचे आणि त्याच क्षणी बोल्ट घालायचा, हे दोघांच्या आवाक्यातले नव्हते. उत्तमरावांनी घरात पाहिले आणि भिंतीला टेकवलेला पाट मागितला. लग्नात मला ज्यावर बसवले होते तोच, पितळी फुल्यांचा.

"बाबा, तो नको!" रंजना म्हणाली.

"जवाईले बसाले पाट देतात, तं इंजिनले कायले नाई? त्याचाही पह्यला दिवस आहे इथं."

पाटाखाली विटा सारून इंजिन जवळजवळ जागेवर आले, आणि नेमक्या त्याच वेळी छागल रिकामी झाली. उत्तमराव उभे राहिले. "जवाईबापू, जरा धरून ठेवा. चौकात पानी पिऊन येतो, एक चहा मारतो."

"मामाजी, आत्ता?"

"घसा कोरडा पडला, बापा. हा आलो."

ते गेले. मी इंजिनाला मिठी मारून बसलो. भोके एकमेकांशी जुळत नव्हती. पुढचे जुळले की मागचे सरके. इंगोल्यांनी डोळ्यांवर पंचा ओढला होता. तेवढ्यात रंजना कणकेचे हात घेऊन बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "पुढचा सोडा. आधी मागचा बोल्ट घाला. इंजिन मागे टेकलं की पुढचं आपोआप येतं. असं. आता थोडं वर. थोडं. बास." तिने कणकेच्या हाताने बोल्ट आत सरकवला. नंतर पुढचा. मला नट लावायला सांगितले आणि मी लावला.

"तुला हे कसं माहीत?"

"बाबांचं बघत होते लहानपणी."

ती उठताना साडी जरा वर गेली आणि तिच्या पोटरीवर ताज्या भाजल्याचा तांबडा डाग दिसला.

"हे काय झालं?"

"तव्याचा चटका."

"पोटरीला?"

"पडला तवा," ती म्हणाली आणि पोळ्या करायला आत गेली. मी समाजशास्त्राचा माणूस. स्वयंपाकघरात तवे कसे पडतात याविषयी मला मत नव्हते.

उत्तमराव परत आले, त्यांनी बोल्ट पाहिले, बोल्टांवरची कणीक पाहिली आणि पाना उचलून नट घट्ट करायला घेतले. दुपारपर्यंत चेन चढली, वायरी जोडल्या, क्लचची केबल बसली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना त्यांनी डबा मला दाखवला, नंतर जरा मोठ्याने, घराच्या दिशेने म्हणाले, "हे ऑइल विसरा लागत नाई. कोनीच."

तिसऱ्या किकला इंजिन सुरू झाले. अंगण निळ्या धुराने भरले, इंगोले खोकत उठले आणि दाराशी उभी असलेली रंजना दोन्ही हातांनी तोंड दाबून हसू लागली. खैरखेड तेवढ्या क्षणापुरते आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन उभे राहिले होते.

घरामागच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. मी बसलो, मागे रंजना बसली, कारण उद्या तसेच जायचे होते. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गरगरले. गाडी जागची हलली नाही. पुन्हा टाकला. आत कोणीतरी सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला आणि गाडी तिथेच.

उत्तमरावांनी टोपी काढली, डोके पुसले. "पह्यला गेलेला दिसते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पंप आमी पह्यल्याच गिअरवर चालवत होतो. सारी वर्सं. त्याचे दात गेले असतीन. बाकीचे नवेकोरे आहेत, वापरलेच नाई."

"मामाजी, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"वाटत होतं थोडंसं. तुमी पाह्यलं अन् छान दिसते म्हनले. मले वाटलं, शिकेल मानूस आहे, पाहूनच म्हनत असन."

इंगोले मैदानाच्या कडेला येऊन पोचले होते. "वारंटीत गिअर येत नाई काय?"

दुसऱ्या गिअरवर दोघांचे वजन घेऊन गाडी निघेना. मी एकट्याने प्रयत्न केला. सासरे आणि रंजना मागून ढकलत होते. गाडी धावू लागली की मी घाबरून क्लच सोडत असे आणि ती आचका देऊन बंद पडे. असे अनेकदा झाले. सासऱ्यांना धाप लागली. ऊन उतरू लागले आणि रंजनाच्या चेहऱ्यावरचे हसूही. एकदा गाडी बंद पडल्यावर ती मागून चालत पुढे आली. तिने पदर खोचला होता.

"उतरा."

"काय?"

"अहो, उतरा म्हणते."

मी उतरलो. ती बसली. साडी तिने अशी आवरून घेतली, की ते ती प्रथमच करत नव्हती हे उघड झाले. "ढकला," ती म्हणाली. कोणी ढकलायचे याबद्दल रीतीभातीचा प्रश्न उरला नव्हता. सासरे आणि जावई, दोघांनी खांदे लावले. गाडीने वेग घेतला, तिने क्लच हळूच सोडला, इंजिनाने एक ठेच खाल्ली आणि सावरले. आमच्या हातांतून मागची सीट निसटली. ती गेली.

मैदानाच्या टोकाला तिने तिसरा गिअर टाकल्याचा आवाज आला. मग ती वळली. थांबता येत नव्हते, कारण थांबली असती तर पुन्हा ढकलावे लागले असते. म्हणून ती आमच्याभोवती मोठे फेरे घालू लागली.

"ही शिकली कुठं?" मी विचारले.

"आमच्या बगिच्यात." ते गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होते. "तिच्या मायले अजून माहीत नाई."

"आणि बुधवारी..."

"मंगळवारी. तुमी कालेजात गेलते. रोज जरा जरा चालवत होती. त्या दिवशी पेट्रोल टाकलं अन् ऑइल राह्यलं, तं इंजिन जाम झालं. फोनवर रडत होती. म्हने, बाबा, त्याइले सांगू नका."

"मला का नाही सांगायचं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं. म्हने, गाडी त्याइची आहे."

रंजना जवळून गेली. "बाबा! ब्रेक चांगला आहे!" तिने ओरडून सांगितले आणि पुढे निघून गेली.

"मामाजी, तिने मागितली असती तर मी दिली असती," मी म्हणालो.

उत्तमराव ताठ उभे राहिले. आतापर्यंत त्यांनी माझ्याशी बोलताना नजर नेहमी माझ्या खांद्यापाशी ठेवली होती. आता ती वर आली.

"जवाईबापू, एक गोस्ट सांगू? रागावू नका. गाडी मी तुमाले देलीच नव्हती. थे पोरीची होती. नर्सचं शिक्षन झालं तवाच घेऊन ठेवली होती, नोकरी लागली तं कोनाच्या मागं बसा लागू नये म्हनून."

"पण किल्ली तर माझ्या हातात दिलीत. मांडवात. नारळासकट."

"मांडवात नवरीच्या हातात कोन किल्ली देते, बापा? चारशे मानूस जेवाले बसला होता. लोकं हसले असते, तुमचे वडील उठून गेले असते." त्यांनी टोपी सारखी केली. "मले वाटलं, तुमी शिकेल मानूस. घरी गेल्यावर तिले देऊन द्याल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्यावर ठेवलेला एक विश्वास फळला नाही याची त्यांना खरोखरच थोडी लाज वाटत होती; ती लाज माझ्या वतीने होती. पुन्हा एक फेरा मारून रंजना जवळ आली आणि ओरडली, "आता थांबू कशी?"

"क्लच दाब अन् ब्रेक मार!" बाप ओरडला. जावयासमोर त्याने काढलेला तो पहिला मोठा आवाज होता.

सोमवारी सकाळी ती एकटी निघाली. दोघे बसले असते तर गाडी निघाली नसती, त्यामुळे मी सोडायला जावे की नाही, ही चर्चाच झाली नाही. मी एका बाजूने, उत्तमरावांनी दुसऱ्या बाजूने ढकलले. इंगोल्यांनीही परंपरा मोडून हात लावला. दुपारी खैरखेडच्या सरपंचाच्या घरून फोनवर निरोप आला: बाई वेळेत हजर झाल्या, फक्त परत निघताना दोन माणसे लागतील.

पुढच्या महिन्यात मिस्त्रीने पहिला गिअर बदलला. ढकलण्याची गरज उरली नाही. तरीही काही दिवस सकाळी मी सवयीने तिच्या मागे जाऊन उभा राहत असे, हात पुढे करून. ती किक मारी, आरशात माझ्याकडे पाही आणि म्हणे, "अहो, सरका बाजूला. धूर लागेल शर्टाला."